इंग्रजींतील 'हॅव' आणि मराठींतील 'आहे'

सुशिक्षित मराठी घरांतील मुलें हल्लीं बहुधा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, आणि त्यांचे आईबापहि कचेरींत दिवसभर इंग्रजींतच पत्रव्यवहार करीत असतात. शब्दसंग्रहाची वानवा सहसा कोणास नसते. उच्चारहि पूर्वीपेक्षां पुष्कळ सुधारले आहेत. असें असूनहि एखादा नोकरीचा अर्ज किंवा परदेशस्थ स्नेह्यास लिहिलेलें पत्र जाणत्या इंग्रजी वाचकाच्या हातीं पडलें, तर दोन ओळींतच त्याला लिहिणाराचें इंग्रजी कोठें अडखळतें तें कळून येतें. याचें कारण अवघड शब्दांत नसून अगदीं सोप्या अशा तीन शब्दांत असतें. ते शब्द म्हणजे 'हॅव', 'हॅज' आणि 'हॅड'.

ही बाब केवळ शोभेची असती तर आम्हीं तिच्याकरितां वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु या तीन शब्दांवर वाक्याचा अर्थच अवलंबून असतो. 'माय ग्रँडफादर हॅज लिव्ह्ड इन धिस हाउस फॉर सिक्स्टी इयर्स' असें लिहिलें, तर आजोबा आजहि त्या घरांत नांदत आहेत. 'हॅज' एवढा एक शब्द गाळून 'माय ग्रँडफादर लिव्ह्ड' असें लिहिलें, तर आजोबांनीं तें घर तरी सोडलें किंवा हें जग तरी. त्याचप्रमाणें 'आय हॅव वर्क्ड इन धिस ऑफिस फॉर फोर इयर्स' असें म्हणणारा उमेदवार अजून त्या कचेरींत नोकरीवर आहे. 'आय वर्क्ड' असें म्हणणारानें ती नोकरी सोडली आहे. आणि 'आय हॅड वर्क्ड' असें लिहून जो तेथेंच थांबला, त्याच्याविषयीं वाचणारास प्रश्न पडतो कीं, कशाच्या आधीं? अर्ज वाचणारा मनुष्य हा प्रश्न विचारण्यास आपणांस बोलावीत नाहीं. तो अर्ज बाजूस ठेवून पुढचा उचलतो.

हीं रूपें शाळेंत शिकविलीं जात नाहींत असें नाहीं. नेस्फील्डचें व्याकरण आणि त्यानंतर गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत आलेलें रेन व मार्टिन यांचें व्याकरण यांवर आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या. 'हॅव' किंवा 'हॅज' घालावें, त्यापुढें क्रियापदाचें तिसरें रूप ठेवावें, हा नियम मुलांना तोंडपाठ असतो. 'हॅव वेंट' अथवा 'हॅज रोट' अशा चुका थोड्या सरावानें जातात आणि त्यांची आम्हांस फारशी चिंता वाटत नाहीं. रूप कसें बनवावें हें मुलांस येतें. तें केव्हां वापरावें हें येत नाहीं. आणि तें न येण्याचें मूळ आमच्या मतें इंग्रजींत नसून मराठींत आहे.

नांव एक, व्यवहार निराळा

१८३६ सालीं दादोबा पांडुरंग यांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांवर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीची छाया पडत आली. त्यामुळें 'मीं पत्र लिहिलें आहे' यास पूर्ण वर्तमानकाळ हें नांव मिळालें, आणि 'आय हॅव रिटन अ लेटर' यासहि तेंच. नांव एक पाहून मुलगा समजतो कीं, मराठींत जेथें 'आहे' तेथें इंग्रजींत 'हॅव'. पुष्कळ ठिकाणीं हें जुळतेंहि. 'बाबा नाशिकला गेले आहेत' म्हणजे ते अजून तेथेंच आहेत. इंग्रजींत 'फादर हॅज गॉन टु नाशिक'. 'बाबा नाशिकला जाऊन आले आहेत' म्हणजे ते परतले. इंग्रजींत 'फादर हॅज बीन टु नाशिक'. येथें दोन्ही भाषा हातांत हात घालून चालतात.

परंतु पुढच्याच पावलाला त्यांचा हात सुटतो. 'कालच पैसे पाठविले आहेत' हें वाक्य मराठींत निर्दोष आहे. त्याचें शब्दशः इंग्रजी 'आय हॅव सेंट द मनी येस्टरडे' असें होतें आणि तें सदोष ठरतें. 'मीं २०१९ सालीं बी. ए. पूर्ण केलें आहे' हें मराठी शुद्ध आहे. पण 'आय हॅव कम्प्लीटेड माय बी. ए. इन २०१९' हें इंग्रजी अशुद्ध, आणि आपल्याकडील अर्जांत हें वाक्य फार वेळां आढळतें. 'तूं केव्हां आला आहेस?' असें आपण विचारतों. म्हणून मुलगा 'व्हेन हॅव यू कम?' असें विचारतो, तेथें 'व्हेन डिड यू कम?' असें हवें. लोकमान्यांनीं गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगांत लिहिलें आहे, असें आपण सहज म्हणतों. इंग्रजींत मात्र मंडालेचें नांव घेतांच 'रोट' म्हणावें लागतें, कारण १९०८ ते १९१४ चा तो तुरुंगवास संपून शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं.

हा भेद कां पडतो? इंग्रजीच्या जुन्या काळांत डोकावलें असतां याचें उत्तर सांपडतें. 'हॅव' म्हणजे जवळ असणें. हजार वर्षांपूर्वींचा इंग्रज 'मीं मासा धरला आहे' हें सांगतांना 'माझ्याजवळ मासा आहे, धरलेला असा' अशा रचनेचें वाक्य बोले. धरण्याची क्रिया काल घडली कीं परवां, याच्याशीं त्या वाक्यास कर्तव्य नव्हतें. मासा आतां हातांत आहे, एवढेंच तें सांगे. आमच्या वाचकांपैकीं संस्कृतज्ञांस आणखी एक गंमत वाटेल. त्या जुन्या इंग्रजींत 'धरलेला' हा शब्द पुष्कळदां माशाच्या लिंगवचनाप्रमाणें चाले, जसा आपल्या 'मीं आंबा खाल्ला आहे, मीं पोळी खाल्ली आहे' यांत कर्माप्रमाणें चालतो. गमनार्थक क्रियापदांस तर इंग्रज 'हॅव' न लावतां आपल्यासारखेंच 'आहे' लावीत असत. 'ही इज गॉन' या आजच्या प्रयोगांत त्याचा अवशेष राहिला आहे.

पुढें मासा गेला, मालकी गेली, परंतु ती वृत्ति राहिली. 'हॅव' आलें कीं इंग्रजी कानाला आजची स्थिति ऐकूं येते. डेन्मार्कचे प्रसिद्ध भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनीं १९२४ सालच्या आपल्या व्याकरणविषयक ग्रंथांत हेंच प्रतिपादिलें कीं, हें रूप वस्तुतः वर्तमानकाळाचाच एक प्रकार होय. मराठीच्या 'आहे'ला मात्र इतका कडकपणा नाहीं. तें आजचा परिणामहि सांगतें आणि त्याबरोबर कालची तारीखहि खपवून घेतें. याबाबतींत आपण एकटे नाहीं. जर्मन व फ्रेंच भाषांतहि 'मीं त्याला काल पाहिलें आहे' या घडणीचें वाक्य शुद्धच आहे. त्यामुळें तिकडचे विद्यार्थीहि इंग्रजी शिकतांना नेमके याच ठिकाणीं ठेंचाळतात. यांत आमच्या भाषेचें उणेपण मुळींच नाहीं.

म्हणून पहिला नियम आम्ही असा सांगूं कीं, 'हॅव'चें वाक्य हें आजचें वाक्य समजावें, आणि आजच्या वाक्यांत संपलेल्या काळाची तारीख घालूं नये. 'येस्टरडे', 'लास्ट वीक', 'टू डेज अगो', 'इन २०१९', 'व्हेन आय वॉज अ चाइल्ड' यांपैकीं कांहींहि आलें कीं 'हॅव' काढून टाकावें. तारीख हवी असेल तर 'हॅव' नाहीं. 'हॅव' हवें असेल तर तारीख नाहीं.

'आज' कोठें संपतो?

यावर चतुर मुलगा विचारील कीं, 'धिस मॉर्निंग' ही तारीख आहे कीं नाहीं? प्रश्न योग्य आहे. सकाळीं दहा वाजतां 'हॅव यू हॅड टी धिस मॉर्निंग?' असें विचारणें शुद्ध आहे, कारण सकाळ अजून चालू आहे. तोच प्रश्न सायंकाळीं विचारावयाचा तर 'डिड यू हॅव टी धिस मॉर्निंग?' असें म्हणावें लागतें. शब्द तेच, परंतु मध्यंतरीं सकाळ संपली. 'टुडे', 'धिस वीक', 'धिस इयर' यांनाहि हाच न्याय. तो काळ बोलणाराच्या भोंवतीं अद्याप उभा असेल तर 'हॅव' चालतें. त्याची सीमा ओलांडली असेल तर चालत नाहीं.

असली सीमा आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. पाणिनीनें भूतकाळाचे तीन लकार सांगितले आहेत: सामान्य भूताचा लुङ्, आजच्या दिवसापूर्वीं घडलेल्या म्हणजे अनद्यतन भूताचा लङ्, आणि बोलणारानें प्रत्यक्ष न पाहिलेल्या अनद्यतन भूताचा लिट्. आजचें आणि आजच्या पलीकडचें हा भेद क्रियापदाच्या रूपांतच दाखविण्याची सोय त्या भाषेंत होती. पाश्चात्य पंडितांनीं लिट्‌ला 'परफेक्ट' हें नांव दिलें, त्यामुळें शाळेंत दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलांचा घोटाळा होतो. खरें पाहतां परोक्षपणाचा इंग्रजी 'परफेक्ट'शीं कांहीं संबंध नाहीं. वैदिक गद्यांत नुकतेंच घडलेलें सांगणारा लुङ् हाच त्याचा जवळचा नातलग शोभतो. पुढें संस्कृतांतच हे भेद शिथिल झाले, 'तेन कृतम्' अशा कृदन्त रचनेनें सर्वांची जागा घेतली, आणि तिच्यापासून आपलें 'त्यानें केलें' उत्पन्न झालें. पाणिनीची सीमा आजच्या दिवसाची होती. इंग्रजीची सीमा बोलणारा ज्या काळाला 'हा' म्हणतो त्याच्या शेवटची आहे, एवढाच फरक.

'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट', 'एव्हर', 'नेव्हर' या शब्दांबरोबर ब्रिटिश इंग्रजी 'हॅव' पसंत करतें. अमेरिकेंत मात्र 'डिड यू ईट येट?' असें सर्रास बोललें जातें. मुलें चित्रपटांतून तें ऐकतात आणि शिक्षकाशीं वाद घालतात. त्यांस सांगावें कीं, दोन्ही प्रकार आपापल्या घरीं शुद्ध आहेत. परीक्षेच्या कागदावर मात्र पाठ्यपुस्तकाचें घर कोणतें तें पाहून लिहावें.

'पासून' या एका शब्दाचे दोन शब्द

दुसरी मोठी अडचण 'पासून' या आपल्या उपयुक्त शब्दानें उभी केली आहे. 'सोमवारपासून ताप आहे' आणि 'तीन दिवसांपासून ताप आहे', दोन्हीकडे आपण 'पासून' म्हणतों. इंग्रजींत मात्र सोमवार हा एक बिंदु आहे, त्याला 'सिन्स'. तीन दिवस ही लांबी आहे, तिला 'फॉर'. 'सिन्स थ्री डेज' हा प्रयोग याच कारणामुळें अशुद्ध आहे. कॅलेंडरावर किंवा घड्याळावर बोट ठेवून दाखवितां येतो तो बिंदु, आणि ज्याची मोजदाद करावी लागते ती लांबी, अशी खूण मुलांना दिली असतां तीं सहसा चुकत नाहींत.

याच वाक्यांत आणखी एक खांचखळगा आहे. 'मी दहा वर्षांपासून पुण्यांत राहतों' यांत आपलें क्रियापद साधें वर्तमानकाळीं आहे, म्हणून मुलगा 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स' असें लिहितो. इंग्रजीची दृष्टि अशी कीं, हें राहणें मागें सुरू होऊन आजपर्यंत पोंचलें. तेव्हां तें दोन्ही टोंकें धरणाऱ्या रूपानेंच सांगितलें पाहिजे. म्हणून 'आय हॅव लिव्ह्ड' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स'. डॉक्टरास ई-मेलनें आजाऱ्याची हकीकत कळवितांना हा भेद ध्यानांत ठेवणें फारच अगत्याचें आहे. 'शी हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज' म्हणजे ताप अजून आहे. 'शी हॅड फीव्हर फॉर थ्री डेज' म्हणजे तो उतरला.

'गेलों होतों' आणि 'हॅड गॉन'

तिसरें प्रकरण 'हॅड'चें. आमच्या समजुतीप्रमाणें मराठी माणसाच्या इंग्रजींत या शब्दाचा जितका अनावश्यक खर्च होतो तितका दुसऱ्या कोणत्याच शब्दाचा होत नसेल. 'काल मी मुंबईस गेलों होतों' याचें 'आय हॅड गॉन टु मुंबई येस्टरडे' असें होतें. मराठींतला हा 'होतों' निरर्थक नाहीं. 'गेलों' म्हटलें तर परत आल्याचें कळत नाहीं. 'गेलों होतों' म्हटलें कीं गेलों, काम केलें आणि परतलों, हें सारें त्यांत येतें. गोष्ट संपली, तिचें दार लावून घेतलें, असें तें सुचवितें. इंग्रजी 'हॅड'च्या अंगीं हा गुण नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं, भूतकाळांतील अमुक एका क्षणापूर्वीं ही गोष्ट घडून गेली होती. तो क्षण दाखविल्यावांचून नुसतें 'हॅड गॉन' म्हणणें म्हणजे श्रोत्याला अर्ध्या जिन्यावर उभें करून ठेवणें होय. तेथें 'आय वेंट टु मुंबई येस्टरडे' एवढेंच पुरेसें आहे.

जेथें दोन गतगोष्टी आहेत तेथें मात्र 'हॅड'ची किंमत कळते. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' म्हणजे आम्ही पोंचलों आणि तेवढ्यांत गाडी हालली. धांवत जाऊन डबा गांठणें कदाचित् शक्य होतें. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे फलाट मोकळा होता. दुसऱ्याचें बोलणें कळवितांनाहि तेंच. 'ही सेड दॅट ही हॅड पेड द रेंट' म्हणजे बोलण्यापूर्वींच त्यानें भाडें भरलें होतें. जबानींत किंवा तक्रारअर्जांत या एका शब्दावर कोणती गोष्ट आधीं आणि कोणती नंतर हें ठरतें. तो भलत्या जागीं पडला कीं खरें बोलणाराहि गोंधळलेला वाटतो. 'बिफोर' व 'आफ्टर' यांसारखा शब्द क्रम स्पष्ट करीत असेल, तर 'हॅड' गाळला तरी चालतो.

'असता' दोनदां येतो म्हणून

संकेतार्थाच्या वाक्यांतहि मराठीची संवय आड येते. 'तो आला असता तर मी गेलों असतों' यांत दोन्ही अंगांस 'असता'चेंच रूप आहे. ती सममिति कानास इतकी गोड लागते कीं मुलगा इंग्रजींतहि ती आणूं पाहतो आणि 'इफ ही वुड हॅव कम, आय वुड हॅव गॉन' असें लिहितो. शिष्ट इंग्रजींत दोन अंगांचे वेष निराळे आहेत. 'जर'च्या अंगास 'हॅड', 'तर'च्या अंगास 'वुड हॅव': 'इफ ही हॅड कम, आय वुड हॅव गॉन'. त्याचप्रमाणें 'तो आतां घरीं पोंचला असेल' हा आपला 'असेल' बहुतेक वेळां भविष्य सांगत नाहीं, तर्क सांगतो. म्हणून तेथें 'मस्ट हॅव रीच्ड' योग्य. 'बाय सिक्स ओक्लॉक ही विल हॅव रीच्ड' हें रूप खरोखर पुढें येणाऱ्या सहा वाजण्याच्या क्षणाकडे पाहून योजावें.

घरच्या घरीं अभ्यास

वरील सर्व नियम निरनिराळे पाठ करण्याचें कारण नाहीं. त्यांच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे. बोलणारा कोणत्या क्षणावर उभा राहून मागें पाहत आहे? आजवर उभा असेल तर 'हॅव', गेलेल्या एखाद्या क्षणावर उभा असेल तर 'हॅड', येणाऱ्या क्षणावर उभा असेल तर 'विल हॅव'. आणि मागें न पाहतां गेलेल्या काळांतली गोष्ट जशी घडली तशी सांगत असेल, तर यांपैकीं कांहींच नको. साधा भूतकाळ बस आहे. इंग्रज लेखक कथा सांगतांना पानेंच्या पानें साध्या भूतकाळांत लिहितात, हें कोणतेंहि चांगलें पुस्तक उघडून पाहावें.

आईबापांनीं मुलांस यासाठीं निराळी शिकवणी लावण्यापूर्वीं पुढील उपाय करून पाहावा, अशी आमची सूचना आहे. मुलानें लिहिलेला निबंध किंवा पत्र घ्यावें आणि त्यांतील प्रत्येक 'हॅव', 'हॅज' व 'हॅड' यांखालीं त्यालाच रेघ ओढावयास सांगावें. 'हॅव' किंवा 'हॅज' असेल तेथें त्या वाक्यांत संपलेल्या काळाचा शब्द आहे काय तें शोधावें. असल्यास 'हॅव' जावें. 'हॅड' असेल तेथें विचारावें, 'कशाच्या आधीं?' मुलाला दुसरी गोष्ट दाखवितां आली नाहीं तर 'हॅड' जावा. रोज दहा मिनिटें याप्रमाणें पंधरा दिवस केलें, तर मुलाच्या कानाला हा प्रश्न आपोआप विचारण्याची संवय लागेल. वडील मंडळींनीं आपल्या कचेरींतील पत्रांवरहि हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाहीं.

यांत मराठीस बाजूस सारण्याची गरज नाहीं, उलट तिच्याकडे अधिक बारकाईनें पाहण्याची गरज आहे. 'गेले', 'गेले आहेत', 'गेले होते' आणि 'जाऊन आले आहेत' या चार वाक्यांतील अर्थभेद ज्या मुलाला आपल्या भाषेंत नीट उमगला, त्याला इंग्रजीचा भेद समजावून देण्यास फार वेळ लागत नाहीं. ज्याला तो घरच्या भाषेंतच कधीं कोणीं दाखविला नाहीं, तो दोन्हीकडे चांचपडतो. म्हणून इंग्रजीच्या या धड्याचा आरंभ जेवतांना मुलांशीं होणाऱ्या मराठी बोलण्यापासूनच करावा, असें आम्हांस वाटतें.